टाळ वाजता ठेवायचा कसा : वाळीत टाकलेल्या घरासाठी वारकरी रीतीनं उभं राहताना

माउलींची पालखी संध्याकाळी तळावर पोचली की समाज आरती होते. दिंड्या भोवती उभ्या असतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंचावतो, ‘हो’ असा पुकारा होतो आणि हजारो टाळ एकदम गप्प होतात. कधी एखाद्या दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहतात. ते चुकून वाजत नसतात. त्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असतं. चोपदार आवाजाच्या दिशेनं चालत जातात, ऐकून घेतात, तोड निघते, मग ते टाळ थांबतात आणि आरती पुढे सरकते.

मला ही रीत फार मोलाची वाटते. गाऱ्हाणं मांडणारा दिंडी सोडून जात नाही, कुणावर दगड उचलत नाही, आणि ऐकून घेतल्याशिवाय गप्पही बसत नाही. तीच रीत गावात कशी चालवायची, ते इथे लिहितो आहे. विषय एकच धरला आहे, वाळीत टाकलेलं घर. ज्या गावात सात दिवस हरिनामाचा गजर होतो, त्याच गावात एका घराचं दळण गिरणीवाला घेत नाही, हे मी एकापेक्षा जास्त गावांत पाहिलं आहे.

बहिष्कार दिसतो तो बारीकसारीक गोष्टींत. दुकानदार म्हणतो, माल संपला. लग्नाची पत्रिका येत नाही. मयताला चार खांदेकरी मिळत नाहीत. पालखी गावभर फिरते आणि नेमकी त्या दारावरून न थांबता पुढे जाते. सप्ताहाची वर्गणी द्यायला गेलं तर ‘राहू द्या, जमली यंदा’ असं गोड उत्तर मिळतं. मुलानं जातीबाहेर लग्न केलेलं असतं, बांधावरून कज्जा झालेला असतो, निवडणुकीत विरोधात काम केलेलं असतं किंवा पंचांनी लावलेला दंड भरायला नकार दिलेला असतो. कोकणात हे गावकीच्या नावानं चालतं, काही समाजांत जातपंचायतीच्या नावानं.

आधी त्या घरात जाऊन बसा

पहिली पायरी वाटते सोपी, पण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. आमचीही झाली. एका गावात आम्ही बारा-पंधरा जण थेट गिरणीवर गेलो, घोषणा दिल्या, गिरणीवाल्याशी हमरीतुमरी झाली. आम्ही संध्याकाळच्या एसटीनं घरी आलो. त्या रात्री त्या घराच्या कडब्याला कुणीतरी काडी लावली आणि बाईंना मुलांना घेऊन दोन महिने माहेरी राहावं लागलं. येण्याआधी आम्ही त्यांना एका शब्दानं विचारलं नव्हतं.

म्हणून आधी जा, चहा घ्या, ऐका. एकदा जाऊन भागत नाही, तीन-चार वेळा जा. घरातल्या बाईशी वेगळं बोला, कारण पाणी, दळण, शाळा, दवाखाना हे सगळं तिच्याच अंगावर पडलेलं असतं आणि पुरुषमाणूस ‘ठीक चाललंय’ म्हणून मोकळा होतो. मग तीन प्रश्न स्पष्ट विचारा. तुम्हाला काय हवं आहे? कोणती गोष्ट अजिबात व्हायला नको? आम्ही काही केलं तर पहिला फटका कुणाला बसेल? उत्तर ‘सध्या काही करू नका’ असं आलं तर काही करू नका. फोन नंबर ठेवून या.

आणि त्यांना क्षमेचं कीर्तन ऐकवू नका. संतांनी किती सोसलं याचे दाखले सोसणाऱ्यालाच द्यायची आपल्याकडे वाईट खोड आहे. अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्यावरही नाथ रागावले नाहीत, ही आख्यायिका पैठणच्या नाथांबद्दल सांगतात ती स्वतःला आवरण्यासाठी. दुसऱ्याला गप्प बसवायला ती वापरायची नसते. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराशी आहे, पायरीपाशी. मंगळवेढ्यात भिंत कोसळून ते गेले त्याला सहा शतकं उलटली तरी त्यांच्या माणसांना त्या पायरीपलीकडे जाता येत नव्हतं, आणि त्यांचे अभंग मात्र आत गायले जात होते. हे विसरून भक्तीची भाषा वापरली तर समोरचा माणूस उठून जाईल, आणि ते बरोबरच असेल.

एक वही करा

शंभर पानी वही पुरते. पानावर तारीख, वेळ, जागा, कोण काय म्हणालं, कुणाच्या देखत. ‘गावानं त्रास दिला’ असं लिहू नका. ‘मंगळवारी सकाळी साडेनऊला दळण परत दिलं, शेजारच्या दोघी हजर होत्या’ असं लिहा. दंडाची चिठ्ठी, व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढल्याचा स्क्रीनशॉट, परत आलेली वर्गणीची पावती, सगळं जपून ठेवा आणि त्याची एक प्रत गावाबाहेरच्या विश्वासू माणसाकडे द्या.

उलट बाजूही याच वहीत लिहा. पंचांचं म्हणणं काय आहे? त्यात खरं किती? बांधाच्या वादात या घराची चूक असू शकते. तसं असेल तर ती आधी आपणच मान्य करावी. चूक असली तरी माणूस वाळीत टाकता येत नाही, हा वेगळा मुद्दा आहे, आणि तो नीट मांडता यायला हवा.

कायदा बाजूला ठेवू नका

‘आम्ही धर्माच्या मार्गानं चाललोय, पोलीस कशाला’ असं म्हणणारे भेटतील. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, जुलै २०१७ पासून लागू झालेला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. चिथावणी देणाराही सुटत नाही. धार्मिक विधीला, सणाला, सार्वजनिक जागी येऊ न देणं हे त्यात येतं. पीडिताच्या संमतीनं आणि न्यायालयाच्या परवानगीनं तडजोडही होऊ शकते, त्यामुळे ‘तक्रार केली की गाव कायमचं तुटलं’ ही भीती पूर्ण खरी नाही.

घर अनुसूचित जाती-जमातीचं असेल आणि बहिष्कार घालणारे त्याबाहेरचे असतील, तर ॲट्रॉसिटी कायदाही लागतो. २०१५ च्या दुरुस्तीनं सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार त्यात स्पष्ट शब्दांत घातला आहे. या गुन्ह्याचा तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो. त्यासाठीची हेल्पलाइन १४५६६, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००, आणि जिवावर बेतलं तर ११२. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर तीच लेखी तक्रार रजिस्टर पोस्टानं जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पावती वहीत चिकटवा.

तक्रार कधी करायची हे त्या घरानं ठरवायचं. एक अपवाद मी करतो. मारहाण, जाळपोळ किंवा जिवाची धमकी झाली असेल, तर आमचा सल्ला त्याच दिवशी ठाण्यात जायचा. तिथे समेटाची वाट बघत बसणं म्हणजे दुसऱ्याचा जीव आपल्या तत्त्वासाठी टांगणीला लावणं.

माणसं मोजा, मग बोला

साने गुरुजींनी विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून पंढरपुरात १ मे १९४७ ला उपोषण सुरू केलं, तनपुरे महाराजांच्या मठात. १० मे ला ते सुटलं. हे दहा दिवस सगळ्यांना पाठ आहेत. त्याआधीचे महिने कुणी सांगत नाही. गुरुजी महाराष्ट्रभर फिरत होते, गावोगाव सभा घेत होते, सेनापती बापटांसारखी माणसं सोबत होती, आणि त्या दौऱ्यातच कितीतरी ठिकाणची देवळं आणि विहिरी खुल्या झाल्या. पंढरपूरच्या दारावर शेवटची थाप पडली तेव्हा दार अर्धं खिळखिळं झालेलं होतं.

तुमच्या गावातही तेच करा, छोट्या मापानं. एका कागदावर गावातली पन्नास वजनदार नावं लिहा. त्यात सरपंच आणि पोलीस पाटील येतीलच. पण मृदंग वाजवणारा, भजनी मंडळातली म्हातारी, दूध डेअरीचा सचिव, मुलांचे आवडते मास्तर हेही त्यात हवेत. मग प्रत्येक नावापुढे खूण करा. उघड सोबत, मनातून सोबत, कुंपणावर, मनातून विरोधात, उघड विरोधात. तुमचं बहुतेक काम दुसऱ्या आणि तिसऱ्या खणातल्या माणसांशी आहे. कट्टर विरोधकाशी वाद घालण्यात जोर वाया घालवू नका. ‘मला पटतं, पण एकट्यानं कसं’ म्हणणारे सात जण शोधून त्यांची एकमेकांशी गाठ घालून द्या. बहिष्कार टिकतो तो प्रत्येकाला आपण एकटेच वाटतो म्हणून.

विरोधकांकडेही जायचंच, पण ते दोघा-दोघांनी, त्यांच्या घरी, सवडीच्या वेळी. देवळाच्या पारावर सगळ्यांसमोर त्यांना अडवलं तर माघार घ्यायची वाट तुम्हीच बंद करता. तुमच्या फडाचे महाराज किंवा ज्यांच्याकडून त्यांनी माळ घातली ते कुणी असतील, तर त्यांना आधी भेटा. एका पंचाला आम्ही महिनाभर कायदा सांगत होतो, ढिम्म हलला नाही. त्याच्या गुरुबंधूंनी विचारलं, “तू पंगतीत पानं मोजतोस का?” त्यावर तो बराच वेळ जमिनीकडे बघत बसला.

तालीम

ही पायरी आपण सर्रास गाळतो. शांत राहायचं ठरवलं की शांत राहता येतं असं आपल्याला वाटतं. येत नाही.

याचा उत्तम धडा अमेरिकेतल्या नॅशव्हिलचा, आणि त्याचा एक धागा नागपुरात आहे. जेम्स लॉसन हा तरुण मेथडिस्ट मिशनरी १९५३ ते १९५६ नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होता. मुलांचे खेळ घ्यायचा आणि गांधीजींच्या पद्धतीचा अभ्यास करायचा. परत गेल्यावर त्यानं नॅशव्हिलमध्ये एका चर्चच्या तळघरात विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेतल्या. दुकानांतल्या जेवणाच्या काउंटरवर काळ्या माणसांना बसू देत नसत. तिथे जाऊन नुसतं बसायचं, एवढंच करायचं होतं. त्या ‘एवढ्या’साठी मुलांनी महिनोन्महिने सराव केला. निम्म्यांनी खुर्चीवर बसायचं, निम्म्यांनी गुंड व्हायचं, शिव्या द्यायच्या, ढकलायचं.

१३ फेब्रुवारी १९६० ला मुलं प्रत्यक्ष बसली. २७ तारखेला त्यांना मारहाण झाली आणि वर त्यांनाच अटक झाली, ८१ जणांना. त्यांच्याकडे लिहून दिलेले नियम होते. उलट मारायचं नाही, शिवी द्यायची नाही, मोठ्यानं हसायचं नाही, दार अडवायचं नाही, ताठ बसायचं, तोंड काउंटरकडे, प्रमुखाच्या परवानगीशिवाय जागा सोडायची नाही, आणि येशू, गांधी, थोरो, मार्टिन ल्यूथर किंग यांची शिकवण आठवायची. १० मे १९६० ला तिथले काउंटर खुले झाले. गुरुजींचं उपोषण सुटलं तीही १० मे. योगायोगच, पण मला तो आवडतो.

आम्ही सराव देवळाच्या सभामंडपात करतो. दहा प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर दहा जण ‘गावकरी’. त्यांना सांगायचं, खरं बोला, गावात जे बोलतात तेच. पहिली पाच मिनिटं सगळे हसतात. मग कुणीतरी आईवरून काहीतरी बोलतं आणि हवा बदलते. एकदा एका पैलवान पोरानं तिसऱ्या टोचणीला खुर्ची मागे सारली आणि उठलाच. निवृत्त मुख्याध्यापकांचे हात थरथरत होते, पण ते बसून राहिले, डोळे मिटून ओठांत नामस्मरण चाललेलं. सराव संपल्यावर त्या पोराला कुणी बोल लावला नाही. तोच म्हणाला, “मला रांगेत बसवू नका, मी रडीन नाहीतर मारीन.” त्याला गाडीची आणि मोबाइलवर लांबून चित्रीकरण करायची जबाबदारी दिली. त्यानं ती चोख केली.

सराव दोन तास, किमान तीन वेळा. दरवेळी शेवटी गोल बसून प्रत्येकानं सांगायचं, मला राग नेमका कुठल्या शब्दावर आला. तो शब्द त्या दिवशी येणारच, हे धरून चाला.

कृती लहान निवडा

देवळावर मोर्चा ही पहिली कृती नको. असं काहीतरी निवडा जे एका दिवसात पुरं होईल, ज्यात देवाचं काम आणि न्यायाचं काम वेगळं करता येणार नाही, आणि जे अडवणाऱ्याला स्वतःलाच अवघड वाटेल. आम्हाला उपयोगी पडलेली एक कृती सांगतो. एकादशीला सात घरांतली माणसं भजन म्हणत त्या घरी गेली. द्वादशीला तिथेच पारणं सोडलं, त्या घरच्या चुलीवरचं खाऊन. पंचवीस माणसांनी एकाच दिवशी दंड ओढवून घेतला, आणि पंचांना वसूल कुणाकुणाकडून करायचा हे कळेना.

ग्रामसभा हीही जागा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना ती भरते. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडण्यासारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याची दखल राज्य सरकारला घ्यावी लागली. तुमच्या गावाचा ठराव दोन ओळींचा असला तरी चालेल, फक्त तो आधी लेखी द्या आणि मांडणारा-अनुमोदक ठरवून ठेवा.

त्या दिवशी

पोलिसांना आदल्या दिवशी लेखी कळवा. जिल्ह्यात पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदी आहे का, ते विचारून घ्या. रात्री दहानंतर स्पीकर नाही. घोषणा नकोत, भजन हवं. घोषणेला उत्तर म्हणून घोषणाच येते, भजनाला शिवी देताना माणूस जरा अडखळतो.

कामं दिंडीसारखी वाटून द्या. पुढे विणेकरी, त्याचा शब्द अखेरचा. दोन चोपदार, त्यांनी हात वर केला की सगळे जागीच खाली बसतात. बोलायला एकच माणूस, पत्रकारांशी आणि पोलिसांशीही. दोघी बायका सतत त्या घरातल्या मंडळींसोबत. एक जण लांब, गाडी आणि औषधपेटी घेऊन. लहान मुलं मिरवणुकीत नकोत, कितीही गोड दिसली तरी.

ढकलाढकली झाली तर बसा आणि भजन चालू ठेवा. दगड आले तर उठा आणि एकत्र, न पळता मागे या. तिथे हौतात्म्याची हौस नको. जखमीला दवाखान्यात नेऊन जखमांची नोंद करून घ्या. आणि सगळ्यात धोक्याची त्यापुढची रात्र. दोघं-चौघं त्या घरी मुक्कामाला राहिलेच पाहिजेत. आमच्या पहिल्या चुकीतून हे शिकलो.

उपोषणाबद्दल

उपोषण हे शेवटचं पान. ज्याला तुमच्याबद्दल थोडीतरी माया आहे, त्याच्याच मनावर ते चालतं. परक्यापुढे ते नुसती धमकी ठरतं. आमरण उपोषणाच्या वाटेला सहसा जाऊच नका. त्याऐवजी विण्याचा पहारा चालवा. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. तसं साखळी उपोषण करा. एका दिवशी तिघं, दुसऱ्या दिवशी दुसरे तिघं, सूर्योदयाला वीणा बदलायची. पाणी प्यायचं. मधुमेही, गरोदर बाया, रोजच्या गोळ्या चालू असलेले आणि अठराखालची मुलं यांना बसवू नका. कुणी जास्त दिवस उपाशी राहिलंच, तर सोडताना भरल्या ताटावर बसवू नका, जिवाला अपाय होतो. डॉक्टर सांगेल तसं थोडंथोडं.

यश येईलच असं नाही. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांसारख्यांनी तो वर्षानुवर्षं चालवला, दार उघडलं नाही. पुढे १९३५ मध्ये येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. तुमच्या गावातलं ते घर उद्या म्हणालं, ‘आम्हाला तुमच्या पालखीशी आता काही घेणंच नाही’, तर तेही ऐकून घ्यायची तयारी ठेवा. त्यांचं दळण, पाणी, रस्ता यासाठी तरीही उभं राहायचं असतं.

समेट झालाच तर

तोंडी समेट टिकत नाही. कागदावर घ्या. घेतलेला दंड परत, कोणत्या तारखेला. गिरणी, दुकान, पाणवठा, पालखी यांचा नावानिशी उल्लेख. दोन्हीकडच्या सह्या, गावाबाहेरचे दोन साक्षीदार. त्या घराला जाहीर माफी मागायला लावणारं वाक्य त्यात घुसडलेलं असतं, ते शोधून काढून टाका. वकिलाला दाखवा, आणि पोलिसांत तक्रार झाली असेल तर मिटवायची ती कोर्टातच मिटवा.

वही आणखी सहा महिने चालू ठेवा. पहिल्या महिन्यात सगळे जपून वागतात, कुरकूर नंतर सुरू होते. मग सप्ताह येईल. वर्गणीची पावती फाडा आणि पहाऱ्याच्या यादीत त्या घराचं नाव घाला. पहाटे तीनचा पहारा देऊ नका, तेव्हा देवळात पेंगणाऱ्या दोघांशिवाय कुणी नसतं. हरिपाठाच्या वेळचा द्या.